रविवारची विश्रांती कोणाची?



आज आपण मिस्साला आलो. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला आज सुट्टी आहे का? शब्बाथाची आज्ञा देताना परमेश्वराने दासदासींचाही विसावा सांगितला (अनुवाद ५:१४). पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात मजुरी बुडवणे हे घोर पाप म्हटले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली साप्ताहिक विश्रांती व वार्षिक रजा हा कामगारांचा हक्क असल्याचे सांगितले.

नोकरीत आपल्या हक्काच्या रजेसाठी आपण भांडतो. घरी मात्र बाईचे खाडे कापतो, कामे वाढवतो आणि एके दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच सांगतो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण आपल्या उंबरठ्याआतला न्याय आपल्याच हाती आहे.

म्हणून आपण ठरवू या: आठवड्याची एक सुट्टी, आजारपणात व वर्षातून काही दिवस भरपगारी रजा आणि काम थांबवायचे असल्यास महिनाभर आधी सूचना. ही दया नव्हे, तिचे देणे आहे.

सुतारकाम केलेला प्रभू येशू आपणांस न्यायबुद्धी देवो. आमेन.