आपद्धर्म आणि देणारे हात

महाभारताच्या शांतिपर्वात विश्वामित्राची एक कथा येते. बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकूळ झालेला हा ऋषी चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो. चांडाळ त्याला धर्माची आठवण करून देतो आणि ऋषी प्राणरक्षणालाच धर्म ठरवितो. (चांडाळाने ऋषीच्या आश्रमात चोरी केली असती तर हीच मुभा त्याला मिळाली असती काय, हे कथा विचारीत नाही.) भुकेल्याने काय घ्यावे, हा या कथेतील आपद्धर्माचा प्रश्न आहे. भुकेल्याला काय देता येईनासे होते, हा प्रश्न तितकाच मूलभूत असूनही मागे राहतो.

महाराष्ट्रातील १९७२-७३ च्या दुष्काळाकडे या दृष्टीने पाहावयास हवे. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने विकली गेली, रेशनच्या दुकानात परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळू लागला. हा तपशील नोंदला गेला आहे. परंतु कोरडवाहू गावातील नीती ज्या बारीक व्यवहारांवर उभी असते, त्यांची नोंद सहसा कोठे होत नाही. शेजारणीकडून वाटीभर पीठ उसने आणणे, पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवणे, सणाला लेक माहेरी आणणे, खळ्यावर बलुतेदाराचा वाटा काढून ठेवणे. शेजारच्या घरातील डबाही रिकामा आहे हे ठाऊक असले की उसने मागणे थांबते. मग दार लोटून घेऊन जेवण्याची पाळी येते. दार लोटणाऱ्याला कृपण म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि त्याला निर्दोष ठरवून त्याचे दुःख हलके होत नाही, कारण आपण दार लोटले हे तो स्वतः जाणून असतो. दारिद्र्याने माणूस उदात्त होतो, असे मानणाऱ्यांनी संतांची स्वेच्छेची अकिंचनता आणि ही लादलेली विपन्नता यांची गल्लत केली आहे.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे विवेचन करताना अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की धान्य असूनही त्यावरचा हक्क गमावल्यामुळे माणसे मरतात. महाराष्ट्रात हा हक्क काही अंशी मजुरीने राखला. १९७३ च्या उन्हाळ्यात लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्यांत भूमिहीनांच्या शेजारी जमीनदार घरांतील स्त्रीपुरुषही बसले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात ज्या प्रयोगाचा आरंभ झाला, त्यातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. त्या खडीचा उपयोग किती झाला, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. मजुरी अपुरी होती आणि ती वेळेवर मिळेलच असेही नव्हते. तरीही भिक्षेपेक्षा ती निराळी होती. भिक्षेतून दुसऱ्याला देताना हात संकोचतो. मजुरीतून उसने फेडता येते.

कामावर वाटली जाणारी सुकडी ज्याची त्याने तेथेच खावी, अशी अपेक्षा असे. बायका ती पदरात बांधून घरी नेत.