सुटीचा निर्णय आणि निकषांचे वजन

मे महिन्याची सुटी जवळ आली की घराघरांत प्रश्न निघतो : यंदा कुठे जायचे? समजा, आपल्यापुढे दोन पर्याय आहेत, केदारनाथ किंवा कोकणातले गावचे घर. वाद वाढू नये म्हणून आपण कागद घेऊन बसतो. ही रीत जुनीच आहे. 1772 साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी जोसेफ प्रीस्टली यांना पत्रातून ती कळवली होती : कागदावर मधोमध रेघ ओढावी, दोन्ही बाजूंना अनुकूल-प्रतिकूल कारणे तीन-चार दिवस लिहीत राहावे, मग समान वजनाची कारणे खोडावी. (तीन-चार दिवस थांबणे आपण सोयीने विसरतो.)

आता याच्या पुढची पद्धत करून पाहा. नवे पाहणे, खर्च आणि एकत्र मिळणारा वेळ, असे तीन निकष घ्या. पाचपैकी केदारनाथला अनुक्रमे 5, 2, 3 गुण आणि गावाला 2, 5, 4. निकषांचे वजन 5, 3, 2 धरले, तर गुणाकार-बेरीज करून केदारनाथला 37 आणि गावाला 33 मिळतात. वजन 3, 3, 4 धरा. केदारनाथ 33, गाव 37! गुण तर एकही बदललेला नाही.

म्हणजे निर्णय बेरजेच्या आधीच झालेला असतो. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगतो. तो भेद आपल्या तक्त्यात नेमका वजनाच्या रकान्यात उतरतो, आणि तो रकाना बहुधा घरातला एकच माणूस भरतो.

आजीचेच पाहा. गौरीकुंडापासूनची सुमारे 16 किलोमीटरची चढण तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही, म्हणून आपण मायेने केदारनाथवर काट मारतो. तिला विचारले का? कदाचित जन्मभर तिने हीच एक यात्रा मनात धरली असेल आणि डोलीत बसायलाही ती तयार असेल. किंवा तिला खरोखरच अंगणातल्या फणसाखाली बसायचे असेल. न विचारता केलेली काळजी हीसुद्धा आपलीच इच्छा असू शकते.

बेरीज पाहून मन खट्टू झाले, तर गुपचूप गुण वाढवू नका. कोणती इच्छा लिहायची राहिली ते शोधा आणि ती सर्वांदेखत निकष म्हणून मांडा. आणि गुण देण्याआधी प्रत्येकाने, मुलांनीही, आपापली वजने वेगळ्या चिठ्ठीवर लिहावीत. आजीला लिहायला जमत नसेल, तर नातवाने तिच्या शेजारी बसून ती सांगेल तसेच उतरवून घ्यावे.