प्रगतिपुस्तकावरची सही



मूल वाचनात मागे पडले तर पालकांना सांगावे का? 'घरी मार बसेल' म्हणून शिक्षक पुष्कळदा गप्प राहतात. ही दया खरी आहे का?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आईवडिलांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकांना सांगते, पालकांना नियमित भेटा. हजेरी, आकलन, प्रगती कळवा. म्हणजे हा उपकार नव्हे, देणे आहे. नुसती सही घेऊन ते फिटत नाही.

बाळापुरात कापूस वेचायला जाणाऱ्या आईची दुपारच्या सभेने रोजी बुडते. तिला सायंकाळी, वऱ्हाडीत सांगावे: आधी लेकराला काय येते, मग काय अडते.

आणि पालकांनो, ऐकून हात उगारू नका. नाहीतर पुढच्या वेळी खरे कोण सांगेल?