दोन टोकांपुरते पत्ते : अपरिग्रहाचा एक प्रश्न

नांदेड आणि लातूर येथील दोन राउटर थेट दुव्याने जोडले, तर त्या दुव्याला दोनच आयपी पत्ते लागतात. प्रत्येक टोकाला एक. त्यासाठी केवढा सबनेट, म्हणजे पत्त्यांचा गट, राखावा, हा प्रश्न तंत्राइतकाच नीतीचाही आहे. पतंजलीच्या पाच यमांत आणि जैनांच्या पाच महाव्रतांत अपरिग्रह येतो. गरजेपलीकडचा साठा करू नये, हा त्याचा गाभा.

आयपी आवृत्ती ४ मध्ये अशा दुव्याला पूर्वी /३० सबनेट देत. त्यात चार पत्ते. पैकी पहिला नेटवर्कच्या नावे, शेवटचा ब्रॉडकास्टसाठी, म्हणजे सर्वांना एकदम संदेश धाडण्यासाठी. पलीकडे ऐकणारा एकच असल्याने ब्रॉडकास्टचा वेगळा पत्ता तिथे निरुपयोगी ठरतो. डिसेंबर २००० मधील आरएफसी ३०२१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने दोनच पत्त्यांच्या /३१ ला मान्यता दिली. शंभर दुव्यांमागे दोनशे पत्ते वाचतात. एखादे जुने उपकरण /३१ स्वीकारत नसेल, तर तिथे /३० हीच खरी गरज. तिला परिग्रह म्हणता येत नाही.

ही काटकसर महत्त्वाची, कारण या आवृत्तीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट वाटले गेले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला हे वेगळे समजवावे लागत नाही : साठा सामाईक आणि मर्यादित असला, की एकाने अडवलेले दुसऱ्याच्या वाट्यातून जाते.

आयपी आवृत्ती ६ मध्ये ही टंचाई उरत नाही. एका /६४ सबनेटमध्येच सुमारे १८ अब्ज अब्ज पत्ते मावतात. मग संयमाचे कारण संपते का? एप्रिल २०११ मधील आरएफसी ६१६४ ने इथेही दोन पत्त्यांचा /१२७ सुचवला. कारण मोठ्या सबनेटमधील रिकाम्या पत्त्यांकडे मुद्दाम पाठवलेली माहितीची पाकिटे काही दुव्यांवर दोन राउटरांमध्ये येरझाऱ्या घालत राहतात. इतर दुव्यांवर शेजाऱ्यांची नोंद ठेवणारा तक्ता भरून जातो. कोणाचेही न हिरावता केलेला साठा इथे धन्यालाच जाचतो. परिग्रह हे धारकाचे बंधन आहे, हा जुना विचार इथे नेमका लागू पडतो.

तरीही अनेक नियोजक आराखड्यात प्रत्येक दुव्यासाठी पूर्ण /६४ राखतात आणि प्रत्यक्षात /१२७ वापरतात. त्यामुळे मांडणी एकसारखी राहते, पुढे बदल सोपे जातात आणि कोणी वंचितही होत नाही. आवृत्ती ४ मध्ये अशी राखीव जागा साठेबाजी ठरली असती. म्हणून अपरिग्रहाचे माप केवळ आकड्यात सापडत नाही. राखलेल्या साठ्याने कोणाचा वाटा अडतो आणि उघड्या ठेवलेल्या पसाऱ्याची राखण कोणाला करावी लागते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून ते ठरते.