मंगळवारची बॅच

पीएचडीच्या पहिल्याच सत्रात मला टीएशिप मिळाली. अमेरिकेतल्या विद्यापीठांत हे नेहमीचंच. फी माफ, वर स्टायपेंड, आणि बदल्यात पदवीच्या मुलांचे तास घ्यायचे. माझ्याकडे संख्याशास्त्राच्या दोन बॅच आल्या. एक मंगळवारी, एक गुरुवारी. गणितं तीच.

एका आठवड्यात बेजचं सूत्र होतं. मंगळवारी मी ते फळ्यावर लिहिलं, आकडे घातले, उत्तर काढलं. एकही प्रश्न आला नाही. मला वाटलं, सगळ्यांना समजलं. बुधवारी गृहपाठ तपासले आणि कळलं, कुणालाच समजलं नव्हतं.

गुरुवारी सूत्र बाजूला ठेवलं. म्हटलं, १००० माणसं घ्या. त्यातल्या १० जणांना आजार आहे. चाचणी त्यातले ९ पकडते. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी दर दहांत एकाला ती चुकून पॉझिटिव्ह ठरवते, म्हणजे ९९ जणांना. एकूण पॉझिटिव्ह १०८, खरे आजारी ९. बारांत एक! वर्गात एकदम कुजबुज सुरू झाली. त्या दिवशी मी हवेत तरंगत घरी आलो.

दोन आठवड्यांनी चाचणी परीक्षेचे पेपर तपासताना मंगळवारच्या एका मुलाचं उत्तर दिसलं : ९० टक्के. आजाऱ्यांपैकी किती पॉझिटिव्ह आणि पॉझिटिव्हपैकी किती आजारी, यात त्याने गल्लत केली होती. लाल पेन थांबलं. चूक त्याची होती, पण तिच्यात माझा वाटा होता. मार्क द्यावेत, तर तीच चूक करणाऱ्या गुरुवारच्या मुलीने काय पाप केलं? मी मार्क कापले.

शिकाऊ ड्रायव्हरच्या गाडीवर लाल ‘एल’ असतो. समोरचा सावध होतो. माझ्या पाठीवर असं काही नव्हतं, आणि फी दोन्ही बॅचनी सारखीच भरली होती. शिकवणं शिकवूनच येतं, हे खरं. पण ज्यांच्यावर आपण शिकतो, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. शाळेत मला ज्या बाईंमुळे गणित आवडलं, त्यांचीही कधीतरी पहिली बॅच असणारच. त्या मुलांच्या वाट्याला जे आलं नाही, ते मला मिळालं. ते आता त्यांना कसं परत करणार?

पुढच्या मंगळवारी मी वर्गात सांगितलं, “हे मी तुम्हाला नीट शिकवलं नव्हतं. पुन्हा करू या.” १००० माणसं पुन्हा फळ्यावर आली. तास संपल्यावर एका मुलीने विचारलं, “म्हणजे दर वेळी आधी आमच्यावरच प्रयोग?”

वेळापत्रक बदलणं माझ्या हातात नव्हतं. आता सोमवारी रात्री कुकर लावला की रूममेटला समोर बसवतो आणि उद्याचा तास मराठीत घेतो. त्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसलं, तर मंगळवारी ते तसं शिकवत नाही.