खरेदीनंतरचे पाच दिवस

यंत्रातील बिघाडाला आपण ‘दोष’ म्हणतो आणि माणसाच्या अपराधालाही ‘दोष’च म्हणतो. जुनी मोटारसायकल नव्याने विकत घेणाऱ्याचा घोटाळा ह्या शब्दापासूनच सुरू होतो. गाडी किकला दाद देईनाशी झाली, की इंजिनातला दोष सापडण्याआधीच तो विकणाऱ्याच्या पदरी दोष बांधून मोकळा होतो. हे न्यायाला धरून आहे काय?

उदाहरण येझ्दीचे घेऊ. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझ्दी ह्या नावाने गाड्या बाहेर पडल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. अशी एखादी गाडी दांडेलीच्या रस्त्यावर सुरेख चालते. जोयड्याहून अणशीच्या घाटात नेली, की चढावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने, काही घडलेच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू होते. विकणारा तिला घेऊन कधी घाटात गेलाच नसेल, तर तो खोटे बोलला असे कसे म्हणावे? याउलट, गिऱ्हाईक यायच्या आधीच त्याने इंजिन तापवून ठेवले असेल, तर थंड इंजिन सुरू होताना किती छळते हे त्याला ठाऊक होते. एक अज्ञान, दुसरी लबाडी. गाडी मात्र दोन्हीकडे सारखीच अडून बसते.

१९३० च्या मालविक्री कायद्याचा सर्वसाधारण रोख ग्राहकाने सावध राहावे असा आहे. याज्ञवल्क्यस्मृती अधिक उदार वाटते. तिने खरेदीनंतर परीक्षेची मुदत दिली आहे: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, दुभत्याला तीन. (त्याच यादीत दासदासीही आहेत, हे झाकण्यात अर्थ नाही.) मोटारसायकलला लोखंड म्हणावे की वाहते जनावर? आम्ही तिला बैलाच्या रांगेत बसवू. तिचा स्वभाव ओझ्याखाली आणि चढावरच कळतो.

पण मुदत मिळाली, म्हणजे घेणाऱ्यावरही कर्तव्य आले. पुष्कळ जण एकाच दिवशी प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कार्ब्युरेटरचा जेट असे सारेच बदलून टाकतात. गाडी चालू लागते, पण बिघाड कोणता होता हे कायमचे बुडते; मग विकणाऱ्यावर ठपका ठेवायचा तो कशाच्या आधारावर? आम्हांला हा साक्षीदार नाहीसा करण्याचाच प्रकार वाटतो. एका वेळी एकच गोष्ट तपासावी. गाडी बंद पडताक्षणीच प्लग काढून ठिणगी पाहावी. ती नसेल तर कंडेन्सर किंवा कॉइल तापल्यावर दगा देत असण्याचा संभव मोठा. पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधले ऑइलही घटते आहे, तर त्या बाजूचे सील गेले. नुसती उभी राहूनही गाडीचे सील कडक होते, आणि आमच्याकडच्या पावसात गाड्या महिनोन्‌महिने पडवीत उभ्याच असतात.

आणि ठिणगी निळी, ठसठशीत असेल, तर विकणाऱ्याच्या घरी जाण्याआधी पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल करावे. हवा ‘सूं’ करून आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचे बारीक भोक बुजलेले असते. पडवीत उभ्या असलेल्या गाडीच्या त्या भोकात कुंभारणीनेही माती भरलेली असू शकते.