मृताचें काय?

भिवापूरच्या मिरचीबाजारांत उद्यां कोणाचा खून झाला, तर ‘मारेकरी कोण?’ याबरोबरच ‘त्याच्या मुलाबाळांचें काय?’ असेंही गांव विचारील. १९३० नंतरच्या दशकांत हॉलिवुडांतील चेस्टरफील्ड, मोनोग्राम अशा लहान कंपन्यांनीं अल्प भांडवलावर जे खुनाचे रहस्यपट काढले, त्यांत हा दुसरा प्रश्न बहुधा उद्भवतच नाहीं. मृत हा तेथें माणूस नसून कोड्याचें निमित्त असतो. दोष भांडवलाचा म्हणावा, तर एका अश्रूला कितीसा पैसा लागतो? प्रभातच्या ‘माणूस’मध्यें (१९३९) खून कोणीं केला हें प्रेक्षकास ठाऊक असतें, म्हणूनच त्याचें लक्ष माणसांवर राहतें. करमणूक निषिद्ध नव्हे. परंतु गुन्हेगार सांपडल्याच्या समाधानांत शोक विसरणाऱ्याचें कोडें सुटतें, मृताचें ऋण मात्र फिटत नाहीं.